व्हिडिओ पोकर: मशीनवर बसायच्या आधी पे टेबल कसं वाचायचं

भारतातून आई-बाबा किंवा मित्रमंडळी अमेरिकेत आली की ग्रँड कॅन्यनच्या जोडीला लास वेगास ठरलेलंच असतं, आणि तिथे गेल्यावर "चला, वीस डॉलर घालून बघू" हेही ठरलेलंच. बहुतेक जण रंगीबेरंगी स्लॉटवर बसतात, दहा मिनिटांत वीस डॉलर संपतात, फोटो काढला की पुढे. पण ज्यांना पत्त्यांची थोडीफार सवय आहे, म्हणजे मेंढीकोट, रमी, दिवाळीतली तीन पत्ती वगैरे, त्यांच्यासाठी त्याच हॉलमध्ये एक वेगळं मशीन असतं, व्हिडिओ पोकर. ते कसं खेळायचं आणि मुख्य म्हणजे कुठल्या मशीनवर बसायचं नाही ते इथे सांगतोय, कारण बाहेरून सगळी मशिनं सारखीच दिसतात आणि खरा फरक स्क्रीनवरच्या दोन-तीन आकड्यांत असतो.

आधीच स्पष्ट करतो, यातून पैसे कमवायचे असं डोक्यात असेल तर सोडून द्या. करमणुकीला किती पैसे जातील हे आधीच माहीत असावं आणि उगाच जास्त जाऊ नयेत, एवढाच आपला मतलब.

हे मशीन स्लॉटपेक्षा वेगळं कशाने

स्लॉटमध्ये चाकावरचं कुठलं चिन्ह किती वेळा येणार हे आत कुठेतरी ठरलेलं असतं, आपल्याला बाहेरून काहीच कळत नाही. व्हिडिओ पोकरमध्ये स्क्रीनवर पत्ते दिसतात, आणि नेवाडाचा, म्हणजे वेगास ज्या राज्यात आहे त्याचा, नियम असा आहे की मशीनवर खरे पत्ते दाखवत असाल तर प्रत्येक पत्ता येण्याची शक्यता खऱ्या ५२ पानी कॅटएवढीच असली पाहिजे. म्हणजे कॅसिनोला एक्के कमी करता येत नाहीत की दुर्र्या जास्त घालता येत नाहीत. मग त्यांना कमाई वाढवायची असेल तर काय बदलता येतं? फक्त कुठल्या हाताला, म्हणजे पत्त्यांच्या कुठल्या जुळणीला, किती पैसे द्यायचे ते. त्या तक्त्यालाच पे टेबल म्हणतात. आणि ते स्क्रीनवर लिहावंच लागतं. पाकिटावर एमआरपी छापलेली असते तसंच समजा, वाचता आलं म्हणजे झालं, आणि गंमत म्हणजे वाचत कोणीच नाही.

हा प्रकार खऱ्या अर्थाने सुरू झाला १९७० च्या दशकाच्या शेवटी. सी रेड नावाच्या माणसाने सिरकोमा ही कंपनी काढली, पुढे तीच आयजीटी झाली, आणि आजही वेगासमधली बरीचशी पोकर मशिनं त्यांचीच असतात. टेबलवर डीलर आणि अनोळखी लोकांसमोर बसायला लाजणाऱ्या लोकांना हे आवडलं, कारण इथे चुकलात तरी कोणी बघत नाही. आपल्या लोकांना तर हे फारच सोयीचं आहे.

एक हात कसा चालतो

नोट घातली की क्रेडिट दिसतात. आधी डिनॉमिनेशन निवडायचं, म्हणजे एक कॉइन किती सेंटचं ते: ५ सेंट, २५ सेंट, १ डॉलर असं. मग गेम निवडायचा, एकाच मशीनमध्ये दहा-पंधरा गेम असतात. निवडल्यावर लगेच खेळू नका, वर जो तक्ता दिसतो तो बघा, दिसत नसेल तर "सी पेज" (See Pays) असं बटण असतं ते दाबा. हे फुकट आहे, नोट न घालताही बऱ्याच मशीनवर बघता येतं.

मग "बेट मॅक्स" दाबलं की पाच कॉइन लागतात आणि पाच पत्ते लगेच येतात. त्यातले जे ठेवायचे त्यांना हात लावायचा, त्या पत्त्यावर "होल्ड" असं उमटतं. मग "ड्रॉ". बाकीचे पत्ते जातात, त्यांच्या जागी त्याच कॅटमधले नवे येतात, आणि जो हात तयार झाला त्याचे पैसे. बस, एवढाच गेम. एकदाच बदलायची संधी, समोर कोणी नाही, ब्लफ नाही.

इथे एक गोष्ट नव्या माणसाची हमखास होते. टचस्क्रीन जुनी असली की होल्ड लागत नाही, किंवा दोनदा हात लागून परत सुटतो, आणि घाईत ड्रॉ दाबलं की चांगली जोडी गेली. ड्रॉ दाबायच्या आधी "होल्ड" हे अक्षर पत्त्यावर दिसतंय का ते दर वेळी बघायचं. काहीच होल्ड न करता ड्रॉ दाबलंत तर पाचही पत्ते बदलतात, मशीन काही "नक्की का?" विचारत नाही.

हातांचा क्रम, आणि तीन पत्तीवाल्यांनी कुठे सांभाळायचं

खालून वर: जोडी, दोन जोड्या, तीन सारखे, स्ट्रेट म्हणजे पाच पत्त्यांचा सीक्वेन्स, फ्लश म्हणजे पाचही एकाच रंगाचे (सगळी इस्पिकं किंवा सगळी बदामं, तीन पत्तीतला कलर), फुल हाऊस म्हणजे तीन सारखे अधिक एक जोडी, चार सारखे, स्ट्रेट फ्लश, आणि सगळ्यात वर रॉयल फ्लश, म्हणजे एकाच रंगाचे एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी.

तीन पत्तीत सीक्वेन्स कलरपेक्षा मोठा असतो. इथे उलटं आहे, कलर मोठा. पाच पत्त्यांत कलर जमणं जास्त अवघड म्हणून तसं. डोक्यात तीन पत्तीचा क्रम पक्का बसलेला असला की पहिला अर्धा तास गोंधळ होतो, म्हणून आत्ताच सांगून ठेवलं.

दुसरं म्हणजे इथे तुमचा हात कोणाच्या हातापेक्षा मोठा असायची गरज नाही, तक्त्यात बसतो का एवढंच बघायचं. एक्का हाय आहे म्हणून पैसे मिळत नाहीत.

पहिला गेम: जॅक्स ऑर बेटर

शिकायचं असेल तर इथूनच. गुलाम किंवा त्यावरची जोडी आली की पैसे सुरू होतात. दश्शीची जोडी असेल तर शून्य, कितीही वाईट वाटलं तरी.

याचा सगळ्यात चांगला तक्ता, ज्याला लोक फुल पे म्हणतात, एका कॉइनमागे असा असतो:

गुलाम, राणी, राजा किंवा एक्क्याची जोडी: १
दोन जोड्या: २
तीन सारखे: ३
स्ट्रेट: ४
फ्लश: ६
फुल हाऊस: ९
चार सारखे: २५
स्ट्रेट फ्लश: ५०
रॉयल फ्लश: २५०, पण पाच कॉइन लावले तर ८००

जोडीला १ म्हणजे एकास एक जिंकलात असं नाही, तुमचा लावलेला पैसा परत, बस. मशीन मात्र टुणटुण आवाज करून जिंकल्यासारखं दाखवतं.

आता नजर फक्त दोन ओळींवर ठेवा, फुल हाऊस आणि फ्लश. वरच्या तक्त्यात ते ९ आणि ६ आहेत, म्हणून याला "९/६" म्हणतात. कॅसिनो कापाकापी करतात ती शक्यतो इथेच, कारण पाच कॉइनवरच्या रॉयलचा ४००० चा आकडा मोठ्या अक्षरात असतो, तो बदलला तर कोणाच्याही लक्षात येईल, फुल हाऊसचं नऊचं आठ झालेलं कोण बघतंय. अगदी अचूक खेळलं तर शंभर डॉलर लावल्यावर सरासरी किती परत येतात ते बघा: ९/६ वर ९९.५४, ८/६ वर ९८.३९, ८/५ वर ९७.३०, ७/५ वर ९६.१५ आणि ६/५ वर ९५. म्हणजे एकेक आकडा उतरला की साधारण एक टक्का गेला, कारण फुल हाऊस आणि फ्लश दोन्ही साधारण नव्वद हातांत एकदा येतात.

एक-दोन टक्क्यांनी काय होतंय असं वाटेल. हिशोब करू. २५ सेंटचं मशीन, पाच कॉइन, म्हणजे एका हाताला सव्वा डॉलर. आरामात खेळणारा माणूस तासाला पाचशे हात सहज काढतो, म्हणजे तासाला ६२५ डॉलर मशीनमधून फिरले, तेच तेच पैसे परत परत. ९/६ वर याची सरासरी किंमत तासाला तीन डॉलरच्या आत. ८/५ वर सतरा. ६/५ वर एकतीस डॉलर. पत्ते तेच, खुर्ची तीच, फुकटची ड्रिंक तीच, आणि किंमत दहापट. दोन्ही मशिनं एकाच हॉलमध्ये वीस पावलांवर असू शकतात, हे मला तरी सगळ्यात विचित्र वाटतं.

पाचच कॉइन का

रॉयल फ्लशला चार कॉइनपर्यंत २५० पट, म्हणजे चार कॉइनवर १०००. पाचवं कॉइन टाकलं की एकदम ४०००. रॉयल ९/६ वर साधारण चाळीस हजार हातांत एकदा येतो आणि परताव्यातला जवळजवळ दोन टक्के वाटा एकट्या रॉयलचा आहे. कमी कॉइन लावले तर त्यातला साधारण १.३६ टक्का तुम्ही स्वतःहून सोडून दिलात. पाच कॉइन झेपत नसतील तर डिनॉमिनेशन खाली आणा, २५ सेंटचं एक कॉइन लावण्यापेक्षा ५ सेंटची पाच लावा, खर्च तोच. फक्त डिनॉमिनेशन बदललं की तक्ता परत वाचायचा, कारण एकाच मशीनमध्ये डॉलरला ९/६ आणि २५ सेंटला ८/५ असं सर्रास असतं, आणि ५ सेंटला तर त्याहून वाईट.

या दोन टक्क्यांची दुसरी बाजूही समजून घ्या, कारण ही गोष्ट कोणी नीट सांगत नाही. ९९.५४ मध्ये रॉयल धरलेला आहे. दोन दिवसांच्या ट्रिपमध्ये तुम्हाला रॉयल येणार नाही असंच धरून चाला. तो काढला तर ९/६ चा परतावा साडेसत्त्याण्णवच्या आसपास उरतो, म्हणजे वरच्या हिशोबाने तासाला तीन नव्हे तर पंधरा डॉलर. "अरे हे मशीन तर ९९ टक्के देतं म्हणाला होतास" असं नंतर कोणी ऐकवू नये म्हणून हे लिहून ठेवलं. शिवाय जॅक्स ऑर बेटरमध्ये अर्ध्याहून जास्त हातांना, नेमकं सांगायचं तर साडेचोपन्न टक्के हातांना, काहीच मिळत नाही. सलग दहा हात कोरडे गेले म्हणून मशीन बिघडलं किंवा आता "येणारच" असं काही नसतं, प्रत्येक हाताला कॅट नव्याने पिसली जाते.

बोनसवाले गेम: दोन जोड्यांची ओळ बघा

इथून पुढे नावं वाढत जातात, बोनस पोकर, डबल बोनस, डबल डबल बोनस, ट्रिपल डबल बोनस. नावात जितके डबल तितका चांगला गेम असं नव्या माणसाला वाटतं, आणि नेमकं तसं नाहीये.

साधं बोनस पोकर सौम्य आहे. चार एक्क्यांना ८०, चार दुर्र्या, तिर्र्या किंवा चौक्यांना ४०, बाकी चारला २५. बदल्यात फुल हाऊस आणि फ्लश ८/५. पण इथे ८/५ हाच फुल पे, परतावा ९९.१७. म्हणजे जॅक्समध्ये जो ८/५ टाळायचा तोच बोनसमध्ये चालतो. म्हणून आधी गेमचं नाव वाचायचं आणि मग आकडे, उलटं करून उपयोग नाही. बोनसचा ७/५ म्हणजे ९८, ६/५ म्हणजे ९७ च्या आत.

डबल बोनसपासून खरा खेळ सुरू होतो. चार एक्क्यांना १६०, चार दुर्री-तिर्री-चौक्यांना ८०, बाकीच्यांना ५०. एवढे पैसे आले कुठून? दोन जोड्यांच्या ओळीतून. जॅक्समध्ये तिथे २ असतात, इथे १. दोन जोड्या साधारण आठ हातांत एकदा येतात, म्हणजे त्या एका आकड्यात जवळपास तेरा टक्के परतावा काढून घेतला आणि तो वर चार सारख्यांच्या ओळीत नेऊन ठेवला. एकूण बेरीज जवळपास तीच, अगदी १०/७ वाला फुल पे डबल बोनस तर १००.१७ आहे, कागदावर खेळणाऱ्याच्या बाजूने. पण छोटे छोटे पैसे परत येत राहतात ते बंद झाले, आता चार सारखे येईपर्यंत तग धरायची. वीस डॉलर घेऊन बसणाऱ्याला चार सारखे दिसायच्या आतच उठावं लागतं.

डबल डबल बोनस आज वेगासमध्ये सगळीकडे दिसतो, लोकांचा भलताच आवडता. यात चार एक्क्यांबरोबर पाचवा पत्ता दुर्री, तिर्री किंवा चौकी असेल तर थेट ४००, म्हणजे २५ सेंटच्या मशीनवर पाच कॉइनला पाचशे डॉलर. हा हात साधारण सोळा हजारांत एकदा येतो. ९/६ चा परतावा ९८.९८, ८/५ चा ९६.७९. पाचवा पत्ता महत्त्वाचा झाला की खेळायची पद्धतही बदलते: तीन एक्के आणि एक जोडी असा तयार फुल हाऊस हातात असेल तरी इथे जोडी सोडून तीन एक्के धरणं बरोबर असतं. जॅक्समध्ये हे केलं तर शुद्ध वेडेपणा. माझं मत विचाराल तर पहिल्या ट्रिपला या गेमच्या वाटेला जाऊ नका, चढउतार जॅक्सच्या दुपटीहून जास्त आहेत आणि शंभर डॉलर कधी गेले ते कळत नाही. ट्रिपल डबलबद्दल तर बोलायलाच नको.

ड्यूसेस वाइल्ड: दुर्री म्हणजे जोकर

चारही दुर्र्या जोकर. जोकर चार असल्यामुळे मोठे हात सारखे बनतात, म्हणून खालच्या ओळी सगळ्या कापलेल्या असतात. जोडीला काही नाही, दोन जोड्यांनाही काही नाही, पैसे सुरू होतात ते तीन सारख्यांपासून, आणि तेही फक्त लावलेले परत.

फुल पे तक्ता असा: दुर्रीशिवायचा रॉयल ८००, चार दुर्र्या २००, दुर्री लावून केलेला रॉयल २५, पाच सारखे १५, स्ट्रेट फ्लश ९, चार सारखे ५, फुल हाऊस ३, फ्लश आणि स्ट्रेट २, तीन सारखे १. याचा परतावा १००.७६, आणि म्हणूनच तो आता जवळजवळ सापडत नाही. इथे नजर ठेवायची ती चार सारख्यांच्या ओळीवर. जोकरांमुळे चार सारखे साधारण पंधरा हातांत एकदा बनतात, म्हणजे ५ चे ४ केले की साडेसहा टक्के गेले. त्याची भरपाई दुसऱ्या ओळींत केलीय का ते बघायचं. एक तक्ता आहे, लोक त्याला गमतीने "नॉट सो अग्ली डक्स" म्हणतात, त्यात चार सारख्यांना ४ असले तरी पाच सारखे १६, स्ट्रेट फ्लश १०, फुल हाऊस ४ आणि फ्लश ३ आहेत, परतावा ९९.७३. हा मिळाला तर बिनधास्त बसा. चार सारखे ४ आणि बाकी काहीच वाढवलेलं नाही असं दिसलं तर उठा.

तक्ता बदलला की खेळ कसा बदलतो याचं एक उदाहरण मला फार आवडतं. पहिल्याच वाटपात दोन जोड्या आल्यात, समजा दोन नव्व्या, दोन राण्या आणि एक फुटकळ पत्ता. दोन्ही जोड्या धरल्या तर फुल हाऊस करणारे पत्ते आठ: दोन नव्व्या, दोन राण्या, चार दुर्र्या. उरलेले पत्ते ४७. फुल हाऊसला ३ असतील तर ८ गुणिले ३ भागिले ४७, म्हणजे ०.५१. एकच जोडी धरून तीन पत्ते बदलले तर ०.५६ च्या आसपास. म्हणजे फुल पेवर एक जोडी चक्क फेकायची! पण फुल हाऊसला ४ असलेल्या तक्त्यावर हाच हिशोब ०.६८ होतो आणि दोन्ही जोड्या धरणं बरोबर ठरतं. हात तोच, एक आकडा बदलला आणि उत्तर उलटं झालं. दुर्री मात्र कधीच, कुठल्याही तक्त्यावर, टाकायची नाही.

खराखुरा जोकर घातलेला जोकर पोकरही असतो, ५३ पत्त्यांचा, त्यात राजाची किंवा एक्क्याची जोडी लागते. तो नंतर कधीतरी.

काय धरायचं, काय सोडायचं (फक्त जॅक्सपुरतं)

वरून खाली वाचत या, जे पहिलं जमेल ते धरा. चार सारखे किंवा स्ट्रेट फ्लश किंवा रॉयल तयार असेल तर अर्थात ठेवा. मग रॉयलचे चार पत्ते, म्हणजे रॉयलला एकच पत्ता कमी. मग तयार फुल हाऊस, फ्लश, स्ट्रेट, तीन सारखे. स्ट्रेट फ्लशचे चार. दोन जोड्या. मोठी जोडी, म्हणजे गुलामाची किंवा त्यावरची. रॉयलचे तीन. फ्लशचे चार. लहान जोडी. दोन्ही बाजूंनी उघडा असलेला चार पत्त्यांचा सीक्वेन्स. एका रंगाची दोन चित्रं (एक्का यात धरा). स्ट्रेट फ्लशचे तीन. वेगवेगळ्या रंगाची दोन चित्रं, जास्त असतील तर त्यातली खालची दोन. एका रंगाची दश्शी आणि तिच्याबरोबर गुलाम, राणी किंवा राजा. एकटं चित्र किंवा एक्का. यातलं काहीच नाही तर पाचही पत्ते फेका.

एवढ्यावर ९/६ मशीनचा ९९.४६ टक्के परतावा मिळतो, अगदी अचूक खेळाला ९९.५४. फरक नगण्य आहे, त्यामुळे मोठे चार्ट पाठ करत बसू नका.

दोन जागी मन तयार होत नाही. एक, जोडीबरोबर "एक्का राहू दे" म्हणून एक्का धरणं. तीन पत्तीत किकरला, म्हणजे जोडीबरोबरच्या सुट्या पत्त्याला, मान असतो, इथे शून्य, तो एक्का फक्त एक नवीन पत्ता अडवतो. दुसरं जरा जास्त कठीण. हातात इस्पिकचे राजा, राणी, गुलाम, दश्शी आणि इस्पिकची दुर्री आहे. तयार फ्लश, ६ पट पैसे समोर. दुर्री फेकायची का? ४७ पत्त्यांत इस्पिकचा एक्का आला तर ८००, इस्पिकची नव्वी आली तर ५०, बाकी सहा इस्पिकांपैकी एक आलं तर फ्लश परत, सहा पत्त्यांवर स्ट्रेट, नऊ पत्त्यांवर मोठी जोडी. सगळं मिळून ९१९ भागिले ४७, साडेएकोणीस. सहाच्या तिप्पट. तेव्हा फेकायची. ४७ पैकी २४ वेळा हातात काहीही राहणार नाही आणि बाजूला बसलेला मेहुणा "कशाला टाकलंस" म्हणेल, तरीही फेकायचीच.

कॅसिनोतल्या गिफ्ट शॉपमध्ये पत्त्याएवढी स्ट्रॅटेजी कार्डं मिळतात आणि ती मशीनसमोर ठेवून खेळायला कोणी अडवत नाही. जायच्या आधी घरी सराव करायचा असेल तर पैसे न लावता खेळायचे ट्रेनर आहेत, चूक झाली की लगेच सांगतात. फक्त भारतातून कुठल्या साइटवर पैसे भरून "सराव" करू नका, २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंदच केलेत, आणि तसल्या साइटवर पत्ते खरंच ५२ आहेत का हे तपासायला कोणी बसलेलं नसतं.

कुठे बसायचं

स्ट्रिपवरच्या, म्हणजे वेगासच्या मुख्य रस्त्यावरच्या, मोठ्या चकचकीत कॅसिनोंत २५ सेंटला चांगला तक्ता मिळणं मुश्किल, बारच्या काउंटरमध्ये बसवलेली मशिनं तर बहुतेक वेळा सगळ्यात वाईट, ड्रिंक फुकट मिळतं त्याची वसुली तिथेच. डाउनटाउन आणि स्थानिक लोक जातात ते स्ट्रिपपासून लांबचे कॅसिनो बरे. एक चक्कर मारा, चार-पाच मशिनं उघडून बघा, लाजू नका.

ट्रिपल प्ले, फाइव्ह प्ले, हंड्रेड प्ले असं दिसलं तर म्हणजे एकच वाटप, पण बदललेले पत्ते तीन, पाच किंवा शंभर वेगवेगळ्या कॅटमधून. मजा येते, पण बेटही तितक्या पटीत. २५ सेंटचं ट्रिपल प्ले म्हणजे एका बटणाला पावणेचार डॉलर, हे दाबायच्या आधी बघा.

ओक्लाहोमासारख्या काही राज्यांत नेटिव्ह अमेरिकन टोळ्यांच्या कॅसिनोत पोकरसारखी दिसणारी मशिनं असतात ज्यांच्या आत खरा खेळ बिंगोचा चालतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात छोटंसं बिंगो कार्ड दिसलं की ओळखायचं, तिथे वर लिहिलेलं काहीच लागू नाही.

पैसे, कार्ड, आणि बाहेर पडताना

शंभर डॉलर म्हणजे सव्वाच्या हिशोबाने ऐंशीच हात. एका संध्याकाळसाठी तेवढं कमीच पडतं, दोनशे धरा किंवा कमी डिनॉमिनेशनवर जा, आणि ते संपले की एटीएमकडे वळायचं नाही, तिथली फीच इतकी असते की सगळा ९/६ चा हिशोब पाण्यात. प्लेयर्स क्लबचं कार्ड फुकट असतं, पासपोर्ट दाखवून काढून घ्या, जेवणाचं नाहीतर पार्किंगचं काहीतरी सुटतं. व्हिडिओ पोकरवर पॉइंट स्लॉटपेक्षा हळू जमतात, तेव्हा पॉइंटसाठी जास्त खेळणं म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. वय २१ पूर्ण लागतं आणि कॉलेजमधल्या पोरांना हटकतातच.

उठताना "कॅश आउट" दाबून तिकीट घ्यायचं, ते किऑस्कवर टाकलं की नोटा मिळतात. लोक तिकीट मशीनवरच विसरतात. मोठा हात लागला, म्हणजे डॉलरच्या मशीनवर रॉयल, चार हजार, तर मशीन लॉक होतं, घाबरायचं नाही, माणूस येतो, ओळखपत्र मागतो आणि टॅक्सचा फॉर्म भरून घेतो. ही मर्यादा वर्षानुवर्षं १२०० डॉलर होती, २०२६ पासून २००० झाली. २५ सेंटच्या मशीनवरचा रॉयल नेमका हजार डॉलरचा, तो दोन्ही वेळेला खालीच बसतो. भारतातून आलेल्या पाहुण्यांच्या रकमेतून मात्र ३० टक्के जागेवरच कापले जाऊ शकतात, तेव्हा बाबांनी डॉलरच्या मशीनवर बसायचा हट्ट धरला तर हे आधी सांगा, आणि पासपोर्ट हॉटेलच्या लॉकरमध्ये ठेवून येऊ नका, तो नसेल तर पैसे ताब्यात यायला वेळ लागतो.